कडूबाच्या मोटारीतलं दही

"माझ्या बरणीतलं तेल कुठं गेलं?"

जुन्या जालन्याच्या त्या गल्लीत गोजरबाईचा आवाज चढला की शेजारणी हातातलं सूप खाली ठेवायच्या. ज्वारी नंतरही पाखडता येते, भांडण एकदाच ऐकायला मिळतं. भिंत मधे होती खरी, पण ती नावालाच.

"थोडं घेतलं," तिच्या नवऱ्याचा, कडूबाचा आवाज आला.

"थोडं? बरणीचा तळ दिसून राह्यला! कुणाला पाजलं एवढं?"

"मोटारीला."

यावर गोजरबाईचा आवाज एकदम खाली आला. शेजारणींना नवल वाटलं ते याचंच.

"मोटार करडीचं तेल पिती?"

"चाकापाशी डबे हायेत ना तिच्या, त्यात तेल लागतं. गळून गेल्तं सगळं. मिस्त्री म्हणला, त्याचं तेल मुंबईहून मागवावं लागंल. म्हणलं, तेल ते तेल. घाण्याचं हाय, बराबर चालंल."

"मंग मोहरी-जिरं बी टाकायचं व्हतं! मोटारीला फोडणी अन् घरात पिठलं कोरडं. जन्म गेला बैलगाडीला वंगण घालण्यात, तव्हा कधी करडीचं तेल घातलं व्हतं का आखाला?"

"बैलगाडी येगळी, मोटार येगळी."

"व्हय, मोटार माणसापेक्षा जास्त खाती."

भांडण तिथंच विझलं, कारण पिठलं करायला तेलच नव्हतं आणि ते आणायला कडूबालाच जावं लागलं. हे उन्हाळ्यातलं.

कडूबा मूळचा गाडीवान. पुढं एका कापडवाल्या शेठकडे त्यानं मोटार हाकायला शिकून घेतली. पोलिस अ‍ॅक्शन झाल्यावर शेठ मुंबईला निघून गेले आणि जाताना जुनी इंग्रजी मोटार कडूबाच्या पदरात टाकून गेले. चालू ठेवली तर पोटाला होईल, नाही तर कोंबड्यांना बसायला होईल, असं शेठ म्हणाले. कडूबानं ती चालू ठेवली. स्टेशनावरून उतारू घ्यायचे, राजूरला गणपतीला न्यायचे, भोकरदनकडच्या गावांना पोचवायचे. बोलणं थोडं, आणि मोटारीवर हात फिरवायची सवय मोठी. कुणी म्हणालं, कडूबा, घोडी आहे का ती? तर तो म्हणे, घोडीला राग तरी येतो.

त्या मोटारीला कमानीचे पाटे होतेच, पण चारही चाकांपाशी एकेक लोखंडी डबा होता. मिस्त्री लोक त्याला शाकप म्हणत. डब्यातून एक दांडा निघालेला, तो खाली चाकाच्या आखाला जोडलेला. चाक खड्ड्यात गेलं की दांडा हलतो, आतला दट्ट्या तेल दाबतो, तेल बारीक भोकातून हळूहळू सरकतं आणि गाडीचा धक्का त्यातच मुरतो. तेल नसलं तर गाडी पाट्यांवर उड्या मारत राहते. कडूबाची मोटार उन्हाळ्यापासून उड्याच मारत होती. पुढची दोन चाकं तर दगडासारखी बसत. त्याला वाटलं, वय झालं तिचं.

पौषात गोजरबाईची आई सगुणाबाई केदारखेड्याहून आली, डोळ्याच्या ऑपरेशनला. एक डोळा आधीच गेलेला. राहिलेल्या डोळ्यात मोतीबिंदू, तो डॉक्टरांनी काढला. तिचा मुलगा रामराव दवाखान्याच्या आवारात तीन दगडांवर भाकरी भाजून तिला घालायचा. लेक हाकेच्या अंतरावर राहत होती, पण सगुणाबाईचा नेम कडक. लेकीला मूलबाळ झाल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणीदेखील घ्यायचं नाही. गोजरबाईला मूल नव्हतं. त्यामुळे आई लेकीच्या उंबऱ्याआत कधी बसलीच नव्हती.

मग दवाखान्यातून सुट्टी मिळाली. डॉक्टरांनी रामरावाला बजावलं, आजीला घरी नेताना धक्का लागता कामा नये. खोकायचं नाही, वाकायचं नाही, गाडीत आदळायचं तर मुळीच नाही. टाका सुटला तर डोळा गेला, मग दुसरा नाही. रामरावाचा शाळू काढणीला आला होता, त्याला थांबता येईना. लेकीकडे राहायला आई तयार होईना. बैलगाडीत हाडं खिळखिळी होतात, सरकारी बस तर त्याहून वरताण.

"जावईबापूची मोटार हाय की," रामराव म्हणाला.

"ती मोटार न्हाई, उखळ हाय," पट्टी बांधलेली सगुणाबाई म्हणाली. "मागल्या खेपंला बसल्ते तर बुगडी कानातून सुटून मांडीवर पडली."

कडूबा दारात उभा होता. त्यानं ऐकलं आणि तडक घरी आला. आल्या आल्या गोजरबाईला म्हणाला, "लई आदळती का गं?"

गोजरबाईनं शिंक्यातलं घट्ट लागलेलं दह्याचं वाडगं काढलं, मोटारीच्या मागच्या गादीवर ठेवलं आणि म्हणाली, "चला, एक चक्कर मारा."

पुलापर्यंत जाऊन दोघं परत आली. वाडग्यात ताक झालं होतं, आणि निम्मं ताक गादीवर.

"हा माझ्या आईचा डोळा," गोजरबाई वाडगं पुढं धरून म्हणाली.

कडूबानं टोपी काढून खुंटीला लावली. मोटारीखाली दगड रचले, चाकं काढली आणि चारही डबे खोलून अंगणात मांडले. मागचे दोन कोरडेठाक. दांडा जिथून बाहेर येतो तिथलं पॅकिंग झिजून तेल पाझरून गेलेलं. पुढच्या दोन्ही डब्यांचे दांडे मात्र हलेचनात. झाकण उघडलं तर आत तेल नव्हतंच, तपकिरी चिकट राळ होती, दट्ट्या तिच्यात रुतून बसलेला. कडूबानं बोट लावलं, ते सुटेना.

गोजरबाईनं वाकून पाहिलं, बोट घासलं, वास घेतला आणि कमरेवर हात ठेवला.

"ही माझी बरणी हाय."

"काय?"

"करडीच्या तेलाची बरणी बाहेरून अशीच चिकट व्हऊन जाती. तेल वघळतं, हवा लागली की चिकटून बसतं. दर दिवाळीला सोड्यात उकळून काढते मी. आवो, घरातल्या बाईला इचारलं असतं तर?"

"तू तर भांडून राह्यली व्हती."

"मंग भांडणात ऐकायचं असतं!"

कडूबा खाली बघून हसला. चूक त्याची होती, आणि ती चूक सासूच्या डोळ्यावर आली असती, हे त्याला बोलून दाखवायची गरज नव्हती. त्यानं निमूट चूल पेटवली. गोजरबाईनं जुनं तपेलं दिलं, पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, आणि दट्टे, झाकणं, नटबोल्ट भाजीसारखे उकळले. राळ सुटून वर आली. मग रॉकेलनं धुऊन सगळं पांढऱ्या फडक्यावर वाळत घातलं. शेजारणी येऊन बघून गेल्या. एकीनं विचारलं, "काय शिजवून राह्यली गं?" गोजरबाई म्हणाली, "मोटारीचं काळीज."

पॅकिंगसाठी चामडं हवं होतं. केदारखेड्याच्या विहिरीची जुनी मोट फाटली तेव्हा तिचा एक तुकडा गोजरबाईनं वहाणांच्या तळव्यांसाठी आणून ठेवला होता. पाण्यात जन्म काढलेलं चामडं, मऊ आणि चिवट. कडूबानं त्यातून गोल चकत्या कापल्या, कोमट एरंडेलात भिजत ठेवल्या आणि फुगल्यावर दांड्यांवर घट्ट बसवल्या. डब्यांतही एरंडेलच घातलं. बैलगाडीच्या आखाला घालतात तेच. घालताना दांडा वरखाली करायचा, आत गुडगुड वाजायची, हवा निघाली की पुन्हा तेल. गुडगुड थांबली आणि दांडा जड, एकसारखा सरकायला लागला तेव्हा त्यानं बूच लावलं.

मोटार उभी राहिल्यावर त्यानं पुढच्या मडगार्डवर दोन्ही हात ठेवून जोर दिला. मोटार खाली गेली, वर आली आणि थांबली. नाचली नाही. मग चारही बाजूंना तसंच.

गोजरबाईनं पुन्हा दही लावलं. पुन्हा पुलापर्यंत. या खेपेला कडेला थोडं पाणी सुटलं, बस्स.

निघायच्या दिवशी थंडी होती. थंडीत एरंडेल घट्ट होतं, म्हणून कडूबानं मोटार उन्हात उभी ठेवली आणि ऊन चढल्यावरच किल्ली लावली. रामराव आईला धरून मागं बसला. गोजरबाई पुढं, मांडीवर दह्याचं नवं वाडगं.

"ते कशाला?" सगुणाबाईनं विचारलं.

"तुला दिसत न्हाई, मला तरी दिसू दे," गोजरबाई म्हणाली.

सगळ्या रस्त्यानं ती वाडग्याकडे बघत होती आणि कडूबा रस्त्याकडे. खडीवर मोटार हलली, पण आदळली नाही. नदीच्या उतारावर कडूबानं श्वास धरला. केदारखेड्यात पोचल्यावर रामरावानं आईला उतरवून बाजेवर निजवलं. दही जसंच्या तसं होतं.

"आई, खाणार का?" गोजरबाईनं विचारलं आणि लगेच जीभ चावली. दही तिच्या घरचं होतं.

सगुणाबाई म्हणाली, "लेकीच्या घरचं मला चालत न्हाई. पर हे आज सकाळधरनं मोटारीत राह्यलं. मोटारीला कुठं कन्यादान केलं व्हतं मी? आण इकडं."

तिनं बोटानं चाटून वाडगं संपवलं. गोजरबाई पाठ फिरवून चूल फुंकायला गेली. चूल चांगली पेटलेली होती.

डोळा वाचला. जाड चष्मा आला तेव्हा सगुणाबाईनं पहिल्यांदा जावयाकडे पाहिलं आणि म्हणाली, "जावईबापू, नखं काळी हायेत." कडूबा म्हणाला, "मामी, तुमच्या मोटेचाच रंग हाय तो."

पुढं दवाखान्यातले डोळ्यांचे पेशंट कडूबाचीच मोटार मागायला लागले. दर वर्षी पाऊस संपला की तो डबे उतरवायचा, गोजरबाई तपेलं काढायची. आणि भोकरदनच्या वाटेला खेप असली की एक दह्याचं वाडगं केदारखेड्याला उतरायचं, मोटारीच्या घरचं म्हणून.

त्याची शेवटची खेपही तशीच झाली. छातीत दुखतंय, असं दोन दिवस म्हणत होता, पण भोकरदनची एक म्हातारी पट्टी बांधून वाट बघत बसली होती. ऊन चढल्यावर निघाला, तिला सावकाश पोचवलं, येताना केदारखेड्याला थांबला. सगुणाबाईनं दही पाहिलं, मोडलं नव्हतं. रिकाम्या वाडग्यात तिनं भुईमुगाच्या शेंगा भरून दिल्या. दिवस मावळायच्या आत तो घरी आला, वाडगं गोजरबाईच्या हातात दिलं, मडगार्डवर दोन्ही हात ठेवून जोर दिला. मोटार खाली गेली, वर आली आणि थांबली. मग त्यानं टोपी काढून खुंटीला लावली. ती पुन्हा त्याच्या डोक्यावर गेली नाही.