बोटांत धरलेला दम

माझ्या व्याह्यांनी उभ्या आयुष्यात कुणालाही पहिल्या फटक्यात खरा आकडा सांगितलेला नाही. वय विचारा, म्हणतील, "आता तुमीच वळखा." जेवायला किती भाकरी टाकू म्हटलं, तर "अर्धी बास," आणि ताटावरून उठेपर्यंत टोपली रिकामी. लेकीचं लग्न ठरताना मी विचारलं होतं, "वऱ्हाड किती येईल हो?" तर म्हणाले, "आमची मानसं ती किती! एक जीप." लग्नाच्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी जीपगाड्यांची रांग लागली आणि आमचा आचारी कपाळाला हात लावून चुलीमागे बसला. पण माणूस खोटा नाही हो, अजिबात नाही. त्यांचा धंदाच तसा. तिसगावच्या आसपासच्या बाजारांत बैलांची, गाईंची दलाली करण्यात त्यांचं वय गेलं. तिथे भाव तोंडाने बोलायचा नसतो. घेणारा आणि दलाल उपरण्याखाली हात घालतात, एकमेकांची बोटं धरतात, आणि सौदा बोटांवर ठरतो. वर तोंडाने काय वाट्टेल ते बोलावं. "अहो, हा बैल का शेळी?" असंही म्हणावं. उपरण्याखाली मात्र खोटं बोट धरायचं नाही. तो त्यांचा धर्म.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं बायपासचं ऑपरेशन झालं ते आमच्या नगरात, म्हणजे आता अहिल्यानगर म्हणायचं. पुढे व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा दवाखान्यात यायचं होतं. तिसगावहून एसटीचे धक्के खात येणं डॉक्टरांना मान्य नव्हतं. मग राहणार कुठे? माझ्याकडे. आता व्याह्याने विहिणीच्या घरी मुक्काम ठोकायचा, ही गोष्ट त्यांना ऑपरेशनपेक्षा जड गेली. येताना स्वतःची सतरंजी घेऊन आले, स्वतःचा तांब्या आणला, आणि सोफ्यावर बसायला सांगितलं की काठावर असे टेकायचे, जणू कुणी येऊन उठवणारच आहे. मी म्हणायचे, "दादा, नीट बसा की." तर म्हणायचे, "बसलोय की, इहीनबाई, लई बसलोय." पाहुणचाराचं ओझं नको म्हणून रोज सकाळी भाजीवाल्याशी घासाघीस करायचे. आमचा भाजीवाला गरीब, तो घाबरून कोथिंबीर फुकट द्यायला लागला. शेवटी मीच त्याला म्हटलं, बाबा, हे दिसले की गाडी पुढच्या गल्लीत ने.

दवाखान्यात एक मुलगी होती, फिजिओथेरपीची. गोड बोलायची, पण कामात पक्की. पहिल्याच दिवशी तिने त्यांना सांगितलं, "काका, सहा मिनिटं या व्हरांड्यात चालायचं. त्या टोकाला ठेवलेल्या लाल प्लॅस्टिकच्या शंकूला वळसा घालून परत. पळायचं नाही, थांबावंसं वाटलं तर थांबायचं. किती अंतर होतं ते मी मोजणार." काका निघाले. व्हरांड्याच्या कडेला बाकांवर पेशंट बसलेले. पहिल्या बाकाशी काका थांबले. "रामराम. कोन गाव?" समोरचा म्हणाला, पुणतांबा. "आरं वा! पाऊसपानी?" पुढच्या बाकाशी पुन्हा रामराम. टोकाला वॉचमन, त्याची तर सासुरवाडीच पाथर्डीला निघाली. सहा मिनिटं संपली तेव्हा काका दुसऱ्या फेरीच्या निम्म्यात होते आणि वॉचमनच्या मेव्हण्याच्या गाईचा विषय निघाला होता. मुलीने फीत लावून अंतर मोजलं, आणि तिचा चेहराच उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, हे तर फारच कमी आहे. सारखे थांबत होते. छातीत काही होतंय का त्यांना?"

मी म्हटलं, "अगं, छातीत काही नाही. बसलेल्या माणसाला ओलांडून न बोलता जाणं त्यांना जमत नाही."

ती हसली, तेव्हा कुठे माझाही जीव भांड्यात पडला. पुढच्या खेपेला तिने बाकच आत हलवले. खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा काढायच्या होत्या, तिथेही हा घोळ. काका बसेचनात. "म्याडम, तुमी हुब्या आन म्या बसू?" मग तीही शेजारी खुर्ची घेऊन बसली आणि दोघं मिळून उठाबशा काढायला लागली. आजूबाजूच्या पेशंटांकडे मात्र काकांचं बारीक लक्ष. मला हळूच सांगायचे, "इहीनबाई, त्या मास्तरची चाल बगा, डावा पाय वढतोय. आन ते चश्मेवालं, ते लई चालंल अजून." मी डोळे मोठे केले की म्हणायचे, "निस्तं बगतोय हो. इकायचंय का मला?"

खरी अडचण पुढेच होती. चालून झालं की ती मुलगी एक तक्ता समोर धरायची. दम अजिबात लागला नाही तर शून्य, जीव जायची वेळ आली तर दहा. "सांगा काका, किती लागला?" काका छाती पुढे काढून म्हणायचे, "दोन." दर खेपेला दोन. व्यायाम वाढवला तरी दोन. कारण डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, दम फार लागत नसेल तर बाजारात जायला हरकत नाही. काकांचा सगळा जीव त्या बाजारात अडकलेला. घरी बसलेला दलाल म्हणजे मेलेला दलाल, असं ते एकदा जेवताना बोलून गेले, आणि नंतर चेष्टा केली असं दाखवायला उगीच जोरात हसले.

पण मी घरी बघत होते ना. माझं घर पहिल्या मजल्यावर. जिन्याच्या मधल्या वळणावर ते रोज थांबायचे आणि खाली वाकून चप्पल न्याहाळायचे. "अंगठा सैल झालाय," म्हणायचे. चप्पल नवी कोरी, जावईबापूंनीच घेऊन दिलेली. ओठ पांढरे पडलेले असायचे. मला रात्री झोप लागेना. उद्या हे बाजारात जायचे, एखादं अवखळ खोंड दावं तोडून पळायचं, आणि हे त्याच्यामागे धावायचे! मी मुलीला जिन्याचं सगळं सांगितलं. ती गंभीर झाली. "आजी, खरं उत्तर मिळाल्याशिवाय मी ह्यांना सोडू कशी? पण ते सांगतच नाहीत."

मी म्हटलं, "तोंडाने नाहीच सांगायचे. तू टॉवेल आण."

त्या दिवशी चालून झाल्यावर तिने तक्ता काढलाच नाही. काकांच्या समोर बसली, मी शिकवल्याप्रमाणे हातावर टॉवेल टाकला आणि म्हणाली, "काका, आज सौदा आपल्या रीतीने." काकांनी एकदम कान टवकारले. मग लाजले. "आवो म्याडम, बाईमानसाच्या हातात..." मी म्हटलं, "नातीच्या वयाची आहे, दादा. करा सौदा." त्यांनी टॉवेलखाली हात घातला. चेहरा अगदी बाजारातला, दगडासारखा. तोंडाने म्हणाले, "दोन." आणि मी पाहिलं, मुलीचे डोळे भरून आले. खाली, तिने मला नंतर सांगितलं, त्यांनी तिचा अख्खा पंजा धरला होता, मग सोडून पुन्हा दोन बोटं.

"काका, सात?"

"फोडू नगा, म्याडम," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आकडा फुटला की समदं गेलं."

"मला डॉक्टरांना सांगावंच लागेल हो."

काकांनी टॉवेलखालून हात काढून घेतला. घरी येताना रिक्षात म्हणाले, "इहीनबाई, माझा बाजार तुमी मोडला." दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण दोन्ही दिवस कोथिंबीर आणली. तपासण्या पुन्हा झाल्या, औषधं बदलली, मुक्काम लांबला. दर खेपेच्या सौद्यात बोटं हळूहळू कमी होत गेली. आणि एक दिवस डॉक्टरांनी परवानगी दिली. बाजारात जा, पण झाडाखाली बसून. जनावरं तुमच्यापुढे चालतील, तुम्ही त्यांच्यामागे नाही.

निघायच्या दिवशी जावईबापू जीप घेऊन आले. सामान चढलं, सतरंजी चढली, काका मात्र फाटकाशी घुटमळत राहिले. मी विचारलं, "काय राहिलं का, दादा?"

"न्हाई," म्हणाले. मग इकडेतिकडे बघून, "भ्या वाटतं हो, इहीनबाई. घरी मला खरं कोन इचारनार? तुमची लेक इचारंल, लई गुनाची पोर हाय. पर सुनंला कसं सांगावं, की मला जिना चढवंना?"

मी म्हटलं, "मग मला फोन करा."

करतात. बाजारावरून आले की करतात. कुणाची गाय कशी गेली, कोणत्या बैलाच्या पायात खोट होती, सगळं सांगतात. सगळं सांगून झालं की जरा थांबतात, आणि मग तोंडाने, सरळ म्हणतात, "आज दम जरा जास्तीच लागला." मी डॉक्टरीण नव्हे. मी एवढंच विचारते, "बसलाय ना?" "व्हय, बसलोय." फोनमधून त्यांचा श्वास ऐकू येतो. तो शांत होईस्तोवर मी फोन ठेवत नाही.