दाढ आणि फळा

परवा सकाळी माझ्या मीनलताईवर अन्याय झाला. दहा वर्षं हॉस्पिटलांची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बाईला नव्या कंपनीने नोकरीच्या मुलाखतीत फळ्यासमोर उभं करून कॉलेजातली कोडी घातली आणि नापास केलं. संध्याकाळी तिची दाढ ठणकली, म्हणून आम्ही दोघी दातांच्या दवाखान्यात गेलो. भिंतीवर डॉक्टरांचा परवाना टांगलेला होता. ताईने त्याकडे एकदा पाहिलं आणि त्या अनोळखी माणसापुढे निमूट तोंड उघडलं. मी थक्कच झाले. केवढा हा विश्वास, एवढ्याशा चौकटीत मावलेला!

गुळणी करून ताई मला म्हणाली, "यांना आधी फळ्यावर दाढ काढायला लावायचं होतंस ना गं!"

डॉक्टर हसले. "परीक्षा एकदा दिली, मॅडम. रोज देत बसलो तर दात कधी बघू?"

मुलाखती घेणाऱ्यांनो, आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांसाठीही एकच कडक परीक्षा आणि एकच परवाना मागा. आणि तो फळा पुसून टाका.