बाहेरची जुळवणी

ऑफिसात तिला सगळे जुळवाजुळव म्हणत. मजकूर लिहायच्या एका एडिटरवर ती काम करायची. आपण दोन अक्षरं टाईप केली की खाली शब्दांची यादी उघडते ना, त्यात कुठला शब्द वर यायचा हे तिचा कोड ठरवायचा. आमच्या पोराचंही कुठे जुळतंय का बघ, असं टेस्टर येता-जाता म्हणायचा. ती मान हलवायची.

मग टीम लीडने सांगितलं, की शब्द जुळवणं हे आपलं काम नव्हे. त्यासाठी बाहेर चांगले प्रोग्राम आहेत. आपण अक्षरं तिकडे पाठवायची, येईल ती यादी दाखवायची. ज्याला जो आवडेल तो प्रोग्राम त्याने जोडावा. म्हणणं चुकीचं नव्हतं. तिचा कोड काढायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. परक्याचं घर आवरावं तसं तिने ते केलं आणि जेवायला गेली.

अडचण धाकट्या भावाची होती. अपघातानंतर त्याचा उजवा हात कामातून गेला होता. घरी बसून, हेडफोन लावून, तो डॉक्टरांचं बोलणं याच एडिटरमध्ये डाव्या हाताने टाईप करायचा. डोळे मिटून. दोन अक्षरं आणि एंटर. तिने जुळवणीच तशी लिहिली होती: मागे निवडलेला शब्द सर्वांत वर, आणि तो जागा सोडणार नाही. बाहेरचा प्रोग्राम मात्र अक्षरं किती जुळतात तेवढंच बघायचा.

नवा एडिटर आला त्या संध्याकाळी ती घरी पोचली, तर धाकटा हात मांडीवर ठेवून बसला होता. दोन रिपोर्टांत मूत्रपिंडाच्या जागी मूत्राशय गेलं होतं. आणखी एक चूक झाली तर काम बंद, असं काम देणाऱ्या एजन्सीने कळवलं होतं.

"ताई, तुमच्या लोकांनी माझी पार वाट लावली."

"लोकांनी नाही. मीच काढलं ते."

"बरं झालं. निदान घरच्या माणसाने लावली."

बाहेरच्या प्रोग्रामचं तिने सांगितल्यावर त्याने विचारलं, कुठलाही प्रोग्राम जोडता येतो म्हणतेस ना? "तर तुझाच जोड की."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता आलं, तरी तिला काही वाटलं नाही. एडिटरचा कोड सगळ्यांना खुला होता, परवानगीचा प्रश्न नव्हता. काढून टाकलेली जुळवणी तिने उचलली, तिचा वेगळा प्रोग्राम केला, धाकट्याचे नेहमीचे शब्द त्यात भरले आणि बाहेरून जोडून दिला. एडिटरच्या आत असताना हीच जुळवणी हजारो लोकांसाठी चालायची.

धाकट्याने डोळे मिटले. मूत्रपिंड. परत मूत्रपिंड.

"किती जण वापरतात हा?"

"तू."

"मग तक्रार कुणाकडे करायची?"

तो टाईप करत राहिला आणि ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहून एकेक शब्द वाचत राहिली, कारण तो बघत नव्हता.