अक्काला उघडता येतील अशी पानं

चेन्नईजवळ सिरुसेरीच्या ऑफिसात अक्का माझ्या शेजारी बसायची. आमच्या वेबसाइटची पानं दिसावीत कशी, हे ती ठरवायची आणि सर्व्हरवरून त्यांत माहिती भरणारा कोड मी लिहायचो. ती तंजावरकडची मराठी, मी साताऱ्याचा. माझं बोलणं ऐकून ती हसायची. "बातम्या वाचतोस की बोलतोस रे?"

पोंगलच्या सुट्टीनंतर तिच्या हातून वस्तू निसटू लागल्या. मग बोटं कीबोर्डवर अडखळायला लागली. तपासण्या झाल्या आणि बरा न होणारा नसांचा आजार निघाला. टायपिंग थांबलं. उजव्या हाताने माउस तेवढा सरकवता यायचा.

"मला नुसतं बसवून ठेवू नका," तांबरमच्या घरून तिने फोन केला. "पान डोळ्यांसमोर ठेवून, माउसने ओढून रचायचा तो एडिटर आहे ना? त्यात करते मी."

पण आमची पानं त्यात उघडली की मोडायची. 'ही ओळ प्रत्येक वस्तूसाठी पुन्हा छाप' अशा सूचना मी तक्त्याच्या ओळींच्या मधेच लिहिलेल्या. एडिटर त्यांना कचरा समजून तक्त्याबाहेर फेकायचा. पान सेव्ह केलं की सर्व्हरवर सगळाच घोळ.

"एका माणसासाठी सगळी पानं बदलायची?" मॅनेजरनी विचारलं.

"सगळ्यांचीच सोय होईल, सर," मी म्हणालो. मनात मात्र ती एकटीच होती.

मी एकेक पान घेतलं. सूचना मधल्या जागेतून उचलून टॅगच्या, म्हणजे पानाचा प्रत्येक भाग दाखवणाऱ्या खुणांच्या, आतच लिहिल्या. तिथे एडिटर त्यांना हात लावत नाही. जिथे सर्व्हर माहिती भरणार, तिथे नमुन्याचा मजकूर ठेवला, म्हणजे पान तिला भरलेलं दिसावं. पहिलं पान पाठवलं आणि लगेच फोन आला.

"अय्यो, सगळं जागच्या जागी आहे रे!" मागून तिचा नवरा काय झालं म्हणून विचारत होता. तिने त्यालाही पान बघायला बोलावलं.

पुढचे काही महिने तिने काम केलं, पूर्वीसारखंच नेटकं. मग माउसही हलेना. मी भेटायला गेलो तेव्हा नवऱ्याने तिला उशांना टेकवून बसवलं.

"लॅपटॉप उघड," ती सावकाश म्हणाली. "तो फोटो डावीकडे घे. अजून थोडा. नको, जास्त झाला."

तिने सांगावं, मी सरकवावं, असं एक पान आम्ही पुरं केलं. "सरि, ठीक झालं," ती म्हणाली, "आता दमले." तिने डोळे मिटले. नवऱ्याने हळूच तिच्या अंगावर चादर ओढली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात ती गेली.

तिच्या जागी आलेली मुलगी पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "सर, इथली पानं एडिटरमध्ये किती नीट उघडतात! आधीच्या कंपनीत फार त्रास व्हायचा."

"हो," मी म्हणालो. उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो.