आवाजामागची खोली

तिला सगळे घंटी म्हणत. नाव पडलं प्रशिक्षण केंद्रात. फोनची पहिली घंटी पुरी व्हायच्या आत हिचा हात रिसीव्हरवर. अंधांना टेलिफोन ऑपरेटर करणारं ते केंद्र, आणि शिकवणारे मास्तर स्वतः जन्मांध, तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढलेले. त्यांचे धडे दोनच. "तिसऱ्या घंटीला माणूस चिडतो" हा पहिला. दुसरा अवघड. "नुसता आवाज ऐकू नका, आवाजामागची खोली ऐका. मागं पोर रडत असेल तर बाईला ताटकळत ठेवू नका. मागं गाड्या असतील तर दोन शब्दांत आटपा."

घंटी अडतिसाची. नजर गेली तेविसाव्या वर्षी. पुढची पंधरा वर्षं भावाच्या घरी, लसूण सोलण्यात आणि कपड्यांच्या घड्या घालण्यात गेली. म्हणून रंगाच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा वहिनीला हसू आवरेना.

"रंगाच्या कंपनीत तुम्ही? वन्सं, कुणी विचारलं पिस्ता कसा दिसतो, तर काय सांगाल?"

"नंबर दोनशे चौदा. दिसायला आपल्या मोरीच्या भिंतीसारखा, शेवाळ धरायच्या आधीच्या."

चौसष्ट रंगांचे नंबर तिनं ब्रेलमध्ये टोचून पाठ केले होते. पहिल्या दिवशी हार, फोटो, साहेबांचं भाषण. मग टेबल, खुर्ची, फोन. दिवसाला आठ-नऊ फोन यायचे. एक म्हातारे गृहस्थ पिस्त्याचा नंबर विचारत आणि दर वेळी विसरत. एक खेडवळ माणूस दुकानाची वेळ विचारी. एक कंत्राटदार नेहमी घाईत. रात्री जेवताना ती या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगे आणि भाऊ हात थांबवून ऐके. पंधरा वर्षांत त्यानं तिचं तसं कधी ऐकलं नव्हतं.

दोन महिन्यांनी उकाडा वाढला. पलीकडच्या खोलीत, भांडारातल्या कारकुनाकडे, पंखा सुरू झाला. जुनाट पंखा, दोन फेऱ्या गप्प, तिसरीला खर्र. भिंतीतून तिला तो ऐकू येई.

त्या सकाळी म्हातारे गृहस्थ फोनवर आले. पिस्ताच. घंटीनं सवयीनं आवाजामागची खोली ऐकली. दोन फेऱ्या गप्प, तिसरीला खर्र. एका कानात रिसीव्हरमधून, दुसऱ्यात भिंतीतून, एकाच वेळी.

दुपारी कंत्राटदार. खर्र. चार वाजता खेडवळ. खर्र.

चहा घेऊन आलेल्या शिपायाला तिनं गाठलं. "मामा, खरं सांगा. बाहेरचे फोन कुठं जातात?"

मामा घुटमळले. "दोन वर्षं झाली, मशीनच उचलतं. एक दाबा, दोन दाबा. कंपनीला कागदावर एक अंध माणूस लागतो, बाई. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून साहेबांनी कारकुनाला सांगितलंय, अधूनमधून लावत जा. तो पूर्वी नाटकात होता ना."

संध्याकाळी ती केंद्रात गेली. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

"दिवसाला किती येतात?"

"आठ-नऊ."

"इथून नोकरीला लागलेल्या बाकीच्यांना तेवढेही येत नाहीत."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

मास्तरांनी आतल्या वर्गाचं दार ओढून घेतलं.

"आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं म्हणतात," घंटी म्हणाली. "मास्तर, इथं जात्यात दाणाच नाही."

"जातं तरी मिळालं ना? आत चौदा जणांची नवी बॅच बसलीय. तू बोभाटा केलास तर त्यांना तेही मिळायचं नाही. गप्प बस."

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. तिनं तो वाजू दिला. तिसऱ्या घंटीला उचलला.

"कारकूनभाऊ, दोनशे चौदा. पाठ झाला असेल आता. ठेवा."

भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. तिनं साहेबांचा नंबर फिरवला.

"साहेब, मला खरे फोन द्या. मशीनवर चिडलेली माणसं असतील, ती द्या. शिव्या खाईन, पण कुणाच्या तरी खऱ्या खाईन."

साहेब माणूस मवाळ. "बघू, बघू. पण तुम्हाला कळलं कसं?"

"पंख्यावरून. फोनमध्ये खरखरतो."

"अरेरे. आधी सांगायचं नाही का? उद्याच माणूस पाठवतो."

त्या रात्री ती घरी गिऱ्हाइकांची गोष्ट सांगू शकली नाही. "साहेबांशी बोलणं झालंय," एवढंच म्हणाली. सकाळी चौसष्ट नंबर पुन्हा एकदा बोटांखालून घातले.

अकराच्या सुमारास मिस्त्री आला. शिडी दाराला आपटली, पिशवीत हत्यारं वाजली. बाहेरची लाइन जोडायला आला असं समजून घंटी उठली, खुर्ची भिंतीला लावून त्याला जागा करून दिली.

"बसा बाई, बसा," मिस्त्री म्हणाला. "माझं काम पलीकडं आहे."

शिडी पलीकडच्या खोलीत गेली. थोडा वेळ ठोकाठोक झाली. मग पंखा लागला. एक फेरी, दोन, तीन. चकार आवाज नाही.

फोन वाजला. पहिली घंटी पुरी झाली, दुसरी झाली. तिसरी सुरू होताना तिनं रिसीव्हर उचलला आणि आवाजामागची खोली ऐकली. काही नव्हतं.

"नमस्कार," म्हातारे गृहस्थ म्हणाले, "तेवढा पिस्त्याचा नंबर..."

"दोनशे चौदा," घंटी म्हणाली.