मामाने सरळ केलेला पत्रा

मामाला वाकडं काही बघवत नाही. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. महाळुंग्याच्या टॉवरांपर्यंत त्याचा ओळंबा फिरून आलेला. जेवायला बसताना भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर तो आधी उठून ते सरळ करणार, मग मामीच्या शिव्या खाणार. म्हणून डोंगरावरचा पत्रा त्याच्याकडे सांभाळायला दिला तेव्हा मी निर्धास्त होते.

मी हिंजवडीच्या एका कंपनीत उपग्रहाच्या रडारची चित्रं तपासते. उपग्रह ठराविक दिवसांनी वरून जातो. रडारला ढग आडवे येत नाहीत आणि मागची मोजणी आजच्याशी ताडली की उतार बोटभर सरकला तरी कळतं. पण मुळशीत पावसाळ्यात रान एवढं माजतं की रडारही गोंधळतं. अशा उतारांवर आम्ही पत्र्याचा कोपरा बसवतो. तीन पत्रे काटकोनात जोडलेले, खाली सिमेंटचा लहानसा ओटा. रडारच्या लहरी तो थेट परत पाठवतो, म्हणून चित्रात ठळक ठिपका होऊन दिसतो. असाच एक मामाच्या घरामागे बसवला होता. वस्तीत चारच घरं. "पाला साचू देऊ नकोस, गुरं जवळ येऊ देऊ नकोस," एवढं त्याला सांगून आले.

पावसाळ्यात तो ठिपका विचित्र वागायला लागला. एका फेरीत खाली सरके, पुढच्या फेरीत परत जागेवर. खाली आलेला डोंगर काही पुन्हा वर चढत नाही. बोल्ट ढिले असणार, असं ऑफिसात सगळ्यांचं मत पडलं. मी बघून येते म्हटलं.

मामा मला हौसेने वर घेऊन गेला. पत्रा लख्ख पुसलेला. ओट्याच्या एका कडेखाली दगडाच्या चिपा ठोकलेल्या.

"आगं, सारखं वाकडं व्हतंय ते. दर येळी वळंबा लावून सरळ करतुया."

मी त्या चिपांकडे बोट दाखवलं. "मामा, ते वाकडं होतंय का, तेच तर बघायचं होतं."

तो हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

घरी आल्यावर मी विचारलं, आणखी काय काय सरळ केलंस? त्याने एकेक दाखवलं. मागचं दार अडत होतं, त्याला रंधा मारला. मोरीजवळ भिंत तडकली, ती सिमेंटने भरली. पुन्हा तडकली, पुन्हा भरली. पाण्याच्या टाकीखाली एका बाजूने वीट सारली. उतार सरकतोय याच्या खुणा घरभर उमटल्या होत्या आणि माझ्या हुशार मामाने त्या मन लावून बुजवल्या होत्या. मला त्याचा भयंकर राग आला आणि लगेच रडूही आलं.

"इथून निघावं लागेल," मी म्हणाले.

"निघून कुटं जायाचं? हितली एकेक वीट मी ठिवलीया."

मामीने खुंटीवरची पिशवी काढली. "मी जातीया पोरीसंगं," ती म्हणाली. "तुमी बसा वळंबा धरून."

आम्ही चिपा काढून टाकल्या. पत्रा पुन्हा कोणी सरळ केला नाही आणि ठिपका प्रत्येक फेरीला खालीच जात राहिला. तालुक्याची माणसं येऊन पाहून गेली, चारही घरं रिकामी झाली. मामा-मामी भरे गावात एका खोलीत राहायला आले.

त्यानंतरचा अख्खा पावसाळा गेला. डोंगर सरकतोय, पण पडलेला नाही. वस्तीतले बाकीचे भेटले की मामाला विचारतात, कुटं पडलाय तुझ्या भाचीचा डोंगर? तो मला तसं कधी बोलत नाही. फक्त दर फेरीला फोन करतो. मी स्क्रीनवर ठिपका शोधते आणि कधीकधी वाटतं, कोसळू दे एकदाचा, म्हणजे हा माणूस तरी सुटेल. असं मनात आलं की मला माझीच लाज वाटते.

परवाही त्याचा फोन आला.

"घर हाय का उभं?"

"आहे, मामा."

"मग धोका टळला म्हनायचा?"

"नाही. खालीच येतोय अजून."

मी त्याला या फेरीचा आकडा सांगितला.

"उभं हाय," तो म्हणाला. "मग मी हितं काय करतुया गं?"