हॅपी म्हंजे नशीब, असं बाई म्हनल्या

“ही बघा आपली कामवाली. हिच्याकडे काही नाही, तरी कशी हॅपी! हस गं जरा, दाखव मुलांना.”

मी हसले. हातात वल्लं फडकं, समोर बाईंच्या इंग्रजी ट्यूशनची आठ-नऊ पोरं माझ्या तोंडाकडं बघत्यात, आन माझा जीव दाराबाहेर. वाशीतली नवी बिल्डिंग, तिसरा माळा. बाहेर जिन्याच्या कठड्याला माझी पोरगी बांधलेली. दहा महिन्यांची. जुन्या साडीची चिंधी पायाला, दुसरं टोक कठड्याला. रांगायला लागली व्हती ना, मोकळी सोडली तर पायऱ्यांवरून खाली. आत आनायची नाय, बाईंनी पैल्याच दिवशी सांगितलेलं. “ट्यूशनला चांगल्या घरची मुलं येतात.”

लादी पुसताना माझे कान बाहेर असायचे. रडली की बरं वाटायचं. रडतेय म्हंजे हाय.

त्या दिवशी रडनं मधीच बंद झालं.

मी दाराकडं निघाले. “थांब, इथंच उभी राहा,” बाई म्हनल्या, आन पोरांना सांगायला लागल्या. हॅपी हा शब्द जुन्या ‘हॅप’पासून आला. हॅप म्हंजे नशीब. पैलं हॅपी म्हंजे नशीबवान, खुश हा अर्थ मागनं आला. मी चौथी शिकलेली, पन एवढं कळलं. कळलं आन अजूनच भ्या वाटलं. म्हंजे नशीब नसंल तर सुख मिळनारच नाय का?

एक चष्मेवाली मुलगी उठली. “टीचर, मग हिचं बाळ बाहेर बांधलंय ते?”

बाई गोड हसल्या. “तेच तर. ज्याचं त्याचं नशीब.”

पोरं हसली. मी पन हसतच व्हते. गाल दुखले तरी हसू उतरंना. त्याची मला आजबी लाज वाटते.

आमच्या रबाळ्याच्या वस्तीत, बुद्धविहारात, कितीदा ऐकलेलं, नशीब-बिशीब काय नसतं. ऐकायची, मान हलवायची, घरी यायची. त्या दिवशी दाराकडं बघितलं. कडी आतून लावलेली.

“नशीब नाय, बाई. कडी तुमी लावली.”

माझाच आवाज.

“काय म्हणालीस?”

कडी काढली. पोरगी तिसऱ्या पायरीवर, डोकं खाली, पाय चिंधीत अडकलेला. तोंड उघडं, पन रडून रडून आवाज गेलेला. गाठ सुटंना. दातांनी तोडली.

“अगं, लादी अर्धीच राहिली!” बाई आतून.

काम सोडून घरी आले तर नवरा म्हनला, “तोंड उघडायला आताच सुचलं व्हय? मला कंपनीनं ब्रेक देऊन घरी बसवलंय, ठाऊक नाय?” ठाऊक व्हतं. पोरीच्या पायावरचा वळ त्याला दाखवला. त्यानं पोरीला मांडीवर घेतली.

भीती गेली नाय. आजबी नव्या घरी काम मागायला उभी ऱ्हायले की ती येतेच. पन भांडी किती, कपडे किती, ते नंतर. पैलं विचारते, पोरगी आत बसंल का. दोघी नाय म्हनल्या. दोघींचं काम घेतलंच नाय. तिसरी नाय म्हनली तर तिचंबी नको. पोरगी बांधनार नाय.